फळ्याच्या कोपऱ्यातली दुरुस्ती

हे लिहायचं मी आजवर टाळत आलो. टाळायला कारणंही मिळत गेली. आधी नोकरी होती, मग मुलांची शिक्षणं, मग निवृत्तीनंतर 'आता कुणाला आठवतंय' हे सगळ्यात सोयीचं कारण. पण लोकांना आठवतं. गेल्या हिवाळ्यात आमच्या जुन्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. आता मोठा बागायतदार झालेला एक जुना विद्यार्थी माइकवर आला आणि आठवणी सांगता सांगता म्हणाला, "आन् ते आपले खड्डेमास्तर! गावाला प्यायला पाणी न्हवतं, आन् मास्तर खड्ड्यात पाणी वतून मजा बघत हुते!"

सगळा मंडप हसला. शेजारच्यानं माझ्या मांडीवर थाप मारली. मीही हसलो.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. कारण ते वाक्य माझं होतं. मी तीस-पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, शेकडो भाषणं केली, त्यातलं गावानं जपून ठेवलेलं हे एकच वाक्य. ते कसं झालं ते सांगतो. पण त्याआधी ज्यांना गाव खड्डेमास्तर म्हणतं ते सर कोण होते ते सांगायला हवं, नाहीतर खड्डे तेवढे लक्षात राहतील.

श्रीगोंदा तालुक्याच्या कोरड्या टोकाला ते गाव. मी तिथं मराठीचा शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा दुष्काळ यायला अजून दोन पावसाळे होते. शाळेत एकमेकांना विषयाच्या नावानं हाक मारायची पद्धत होती. मी 'मराठी', दुसरे एक 'इंग्रजी', व्यायामाचे ते 'पीटी'. विज्ञान शिकवणाऱ्यांना मात्र कुणी 'विज्ञान' म्हणत नसे. ते नुसते 'सर'. वयानं पन्नाशीला टेकलेले, उंच, किंचित वाकलेले, पांढरा पायजमा आणि पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी अर्धी मोडलेली पट्टी. ती पट्टी ते दिवसातून कितीदा काढत त्याला सुमार नव्हता. पोरानं म्हणावं, "सर, केवढा मोठा विंचू!" की पट्टी बाहेर.

त्यांच्या सायकलच्या चाकाला त्यांनी पत्र्याची एक पट्टी बांधली होती. चाकाचा फेरा पुरा झाला की ती 'टिक' वाजे. फेरे मोजत ते आठवडी बाजाराला जात. अशा मोजणीतून त्यांना कळलं की तालुक्याच्या रस्त्यावरचा मैलाचा एक दगड चुकीच्या जागी रोवला आहे. बांधकाम खात्याला त्यांनी अर्ज केला. उत्तर आलं नाही. मग त्या दगडापाशी आले की ते सायकलवरून उतरत आणि सोबत असेल त्याला सांगत, "हा दगड खोटं बोलतो. त्याचा दोष नाही, त्याला कुणीतरी इथं आणून बसवलाय."

वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, मला एकदा सांगितलं होतं, "लग्नानंतरचा पहिला स्वयंपाक. मी भीतभीत विचारलं, मीठ बरोबर आहे ना? तर म्हणाले, कमी आहे. मी म्हटलं, किती? तर म्हणाले, चिमूटभर. आणि मग स्वतःच विचारात पडले, की कुणाची चिमूट? दुसऱ्या दिवशी शाळेच्या तराजूत माझी चिमूट आणि त्यांची चिमूट वजन करून आले. माझी जड निघाली. तेव्हापासून या घरात मीठ माझ्या चिमटीनं."

हे सांगताना वहिनी हसत होत्या आणि सर आतल्या खोलीतून म्हणाले, "एकदाच केलं होतं ते वजन. पुन्हा करायला हवं होतं."

कुणी काही ठासून सांगू लागलं की ते विचारत, "मोजलं का?" आवाजात टोमणा नसे. खरोखरच मोजलं असेल तर ऐकायला मिळेल, अशी आशा असे. शिक्षकांच्या खोलीत 'हल्लीची पोरं बिघडली' असं कुणी म्हणालं, की सर पाण्याचा ग्लास खाली ठेवून म्हणत, "असेल. कशावरून?" त्यामुळे त्यांच्या समोर गप्पा रंगत नसत. पीटी तर म्हणायचे, "सर आले की खोलीतली निम्मी वाक्यं उठून जातात."

पण त्यांची सगळ्यात वेगळी सवय फळ्यावरची होती. वर्गातल्या फळ्याचा उजवा वरचा कोपरा त्यांनी चौकट आखून राखून ठेवला होता. त्यावर शब्द लिहिलेला असे, 'दुरुस्ती'. आपल्याकडून शिकवताना काही चुकीचं सांगितलं गेलं, तर दुसऱ्या दिवशी तास सुरू होण्याआधी ते तिथं लिहीत. 'काल मी असं सांगितलं. ते चूक. बरोबर असं आहे.' खाली सही. कुणाच्या लक्षातही आली नसेल अशी चूक असायची. मी नवा होतो, मला ते अघोरी वाटलं. मी म्हटलं, "सर, अशानं पोरांच्या मनात शिक्षकाची किंमत राहील का?" ते म्हणाले, "माझी राहिली नाही तर चालेल हो. फळ्याची राहायला हवी."

यावरून त्यांना भावना नव्हत्या असं कुणी समजेल. गावात तसं म्हणतही. पहिल्याच वर्षी मला टायफॉइड झाला. मी एका गोठ्याशेजारच्या खोलीत एकटा राहत होतो. सरांनी बैलगाडी आणली, मला गोधडीत गुंडाळून आपल्या घरी नेलं आणि ओसरीवर खाट टाकली. ठरलेल्या वेळी तापमापक लावायचे आणि खाटेसमोरच्या भिंतीवर चिकटवलेल्या आलेख कागदावर एक टिंब काढायचे. टिंबं जोडून त्याची रेघ व्हायची. ती रेघ बघून मी रडायला लागलो. तेव्हा ते शेजारी बसून म्हणाले, "मराठी, घाबरायचं असेल तर खुशाल घाबरा. रेघेला त्यानं फरक पडत नाही. ती तिच्या वेळेला उतरणार आहे." आणि मला झोप लागेपर्यंत माझा तळपाय हातात धरून बसले. वहिनी पेज भरवायच्या. ज्या सकाळी रेघ उतरली त्या सकाळी सरांनी मला उठवून ती दाखवली. मला आईनं सुद्धा इतक्या आनंदानं कधी काही दाखवलं नव्हतं.

हे लिहून ठेवतो, कारण पुढं जे केलं ते मी याच माणसाशी केलं.

बहात्तरचा पाऊस आलाच नाही. त्याआधीचाही धड झाला नव्हता. उन्हाळा संपायच्या आत विहिरी आटल्या, दिवाळीपर्यंत गुरं छावणीला नाहीतर बाजाराला गेली. माणसं खडी फोडायला लागली. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी यायला लागली आणि तिच्याबरोबर एक अफवा आली, की मिलो खाल्ली की पुरुषाचं पुरुषपण जातं, सरकारनं मुद्दाम आणलीय. बरीच घरं अर्धपोटी राहिली पण मिलोला शिवेनात. सरांनी घरात दोन्ही वेळा मिलोचीच भाकरी सुरू केली आणि चावडीवर जाऊन तसं सांगितलं. आमचे सरपंच, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी कौतुकानं विचारलं, "मग काय मास्तर, झाला काय त्रास?"

"मी ठणठणीत आहे," सर म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तर काम झालं असतं. पण ते सर होते. "अर्थात एकट्या माझ्यावरून काही सिद्ध होत नाही. पाच-पन्नास माणसं तरी पाहिजेत."

"घ्या! मास्तरलाबी खात्री न्हाई!" मागून कुणीतरी म्हणालं.

"आरं त्येंची पोरगी नगरला कालेजात हाय. आता मास्तरला काय पडलंय फरक!"

चावडी खो खो हसली. सरही हसले, थोडे उशिरा. परत येताना मी चिडून म्हटलं, "सर, एवढं प्रामाणिक राहायची काय गरज होती? मिलो चांगली आहे, असं म्हणून मोकळं व्हायचं."

"मग अफवा पसरवणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? त्यांनाही खात्रीच आहे."

त्या हिवाळ्यात आमच्या गावाला दुष्काळी कामातून पाझर तलाव मंजूर झाला. ओव्हरसियर येऊन दोन जागा बघून गेला. एक देवीच्या डोंगराच्या पायथ्याला, देवळासमोर. दुसरी गावाच्या खालच्या अंगाला, मुरमाड ओढ्यावर. घाईत होता. म्हणाला, दोन्ही चालतील, गावानं ठराव करून कळवा.

गावाला देवीचीच जागा हवी होती. तिथं पूर्वी झरा होता, यात्रेला माणसं तिथं पाय धुवायची, तो आटल्यापासून गावाचं वाईट सुरू झालं, अशी समजूत होती. आणि देवळासमोर पाण्याचा विस्तार कसा दिसेल, हे प्रत्येकाच्या डोळ्यासमोर आधीच आलं होतं. ओढ्याच्या जागेबद्दल कुणाला काही वाटत नव्हतं. तिथं काट्याकुट्यांशिवाय काही नव्हतं. पण त्याच्या खाली गावातल्या निम्म्या विहिरी होत्या, आणि नवबौद्ध वस्तीची एकुलती एक विहीरही तिथंच होती.

सरांनी विचारलं, "मोजलं का?"

कुणी मोजलं नव्हतं. मग त्यांनी ठरवलं, दोन्ही जागी सारख्या मापाचे खड्डे घ्यायचे, सारखं पाणी ओतायचं आणि किती वेळात किती मुरतं ते बघायचं. खड्डे वस्तीतल्या किसननं खणून दिले. प्रश्न पाण्याचा होता. गावाला टँकर यायचा, घरटी ठरलेले हंडे मिळायचे. सरांनी आपल्या घरच्या हंड्यातलं पाणी साठवायला सुरुवात केली. रोज थोडं थोडं, रांजणात. ते स्वतः ओल्या पंच्यानं अंग पुसत. वहिनी तांदूळ धुतलेल्या पाण्यानं भांडी विसळत. केस धुवायचे नाहीत म्हणून त्यांनी डोक्याला फडकं बांधलं होतं. मी ते रोज बघत होतो, कारण आजारपणानंतर मी जेवायला त्यांच्याकडेच होतो. रांजण भरला तेव्हा सायकलला हंडे बांधून ते पाणी मीच नेलं.

पहिल्या सकाळी देवीची जागा. सरांनी मनगटावरचं सेकंदकाट्याचं घड्याळ काढून माझ्या हातावर बांधलं. "तुम्ही वेळ सांगा, मी पट्टी बघतो. एकाच माणसानं दोन्ही बघितलं की मन मधे येतं." वर वीतभर माती, खाली सलग कातळ. ऊन चढलं तरी पाणी खड्ड्यात जसंच्या तसं, फार तर नखभर उतरलेलं. दुसऱ्या सकाळी, त्याच वेळी, ओढ्याची जागा. मुरूम पाणी पीत होता आणि वर बुडबुडे सोडत होता. किसननं चहाची किटली आणली होती. आमचा चहा पिऊन होईतो खड्ड्याचा तळ दिसला.

आता गंमत अशी की दोन्ही वेळा बघ्यांची गर्दी होती. आणि गर्दीला जे दिसलं ते उलटं दिसलं. "बघा, देवीम्होरं पाणी टिकलं! हितं तर गिळून टाकलं की! म्हंजे तळं कुठं पायजे?"

सर कळवळून सांगू लागले, "अहो, हा पाझर तलाव आहे. हा रांजण नाही. यातलं पाणी जमिनीला पाजायचं असतं. हा रिकामा झाला की समजायचं काम झालं. देवीसमोर अजिबात मुरणार नाही, वर साठलेलं पाणी ऊन पिऊन टाकील."

"रिकामं व्हायला तळं बांदायचं?" एक म्हातारा म्हणाला. "मास्तर, तुमी शिकल्याली मानसं लई गमतीचं बोलता."

सरांना त्यात आपलाच दोष दिसला. त्या दुपारी मला म्हणाले, "मराठी, माझ्या बोलण्यानं माणसं पेंगतात. हे मी निरीक्षणानं सांगतोय. ग्रामसभेत तुम्ही बोला. आकडे माझे, आवाज तुमचा." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

सभेच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी मला घरी बोलावलं. गूळ घातलेला चहा दिला. माणूस वाईट नव्हता. त्या दुष्काळात त्यानं आपली कणगी गावासाठी उघडली होती. म्हणाले, "उद्या तुमी बोलनार म्हनं?"

"हो."

"बोला की. तुमची वानी म्हंजे काय, आयकत ऱ्हावं. फकस्त गावाच्या मनातलं बोला." मग कपबशी खाली ठेवत, सहज बोलल्यासारखं, "शाळा समितीची बैठक हाय या म्हयन्यात. तुमचं कायमचं घ्यायचंय त्यात."

नोकरीसाठी मी ते केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. माणूस तेवढं माफ करतो. पण ते पुरतं खरं नाही.

सभा मारुतीच्या पारासमोर भरली. सर आधी थोडं बोलले, खड्डे कसे घेतले, पाणी कसं मोजलं. माणसं चुळबुळ करू लागली. किसन मागं उभा होता. त्यानं विचारलं, "सर, वड्यावर बांदलं तर आमच्या हिरीला पाणी लागंल ना?"

"शक्यता बरीच आहे," सर म्हणाले. "खात्री देता येणार नाही."

हशा पिकला. किसन खाली बसला. मग एक म्हातारी उठली. पाठीत पार वाकलेली. "मला मोजमाप कळत न्हाई रं लेकरांनो," ती म्हणाली. "पर मरायच्या आदी देवीम्होरं भरल्यालं पाणी एकडाव बघू द्या." बायकांनी पदर डोळ्याला लावले.

आणि माझं नाव पुकारलं गेलं.

मी उठलो तेव्हा माझ्या मनगटावर सरांचं घड्याळ होतं. परत करायचं राहिलं होतं. मी दोन खड्ड्यांपासून सुरुवात करणार होतो. वाक्य तयार होतं. पण समोर ओले डोळे होते, आणि माझ्या तोंडातून पहिला शब्द आला, "आई!" तो शब्द सभेत जसा पसरला, तसा माझा कुठलाच शब्द आधी कधी पसरला नव्हता. मग मी थांबलो नाही. डोंगर म्हणजे देवीची ओटी झाली, तळं म्हणजे तिची भरलेली ओटी झाली. माणसं पुढं सरकून ऐकू लागली. टाळ्या पडल्या, आणखी हव्याशा झाल्या. आणि त्या टाळ्यांच्या भरात मी म्हणालो, "इथं लेकरांच्या घशाला कोरड पडलीय, आणि काही शहाणी माणसं पाणी खड्ड्यात ओतून मजा बघतात!"

सगळ्यात मोठी टाळी तिथं पडली. हेच ते खरं कारण. अण्णा नाहीत, नोकरी नाही. ती टाळी.

मी सरांच्या जागेकडे बघितलं. ते तिथं नव्हते. उठून गेले असं मला वाटलं. हात वर झाले, ठराव झाला.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी घड्याळ पुढं केलं. त्यांनी ते कानाला लावलं, किल्ली दिली आणि मनगटावर बांधलं.

"छान बोललात," ते म्हणाले. "आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. मी मागं जाऊन बघितलं."

मी काहीतरी पुटपुटलो. लोकांची भावना, वगैरे.

"हो, त्या आजींचं मलाही वाईट वाटलं. पाणी बघावंसं मलाही वाटतं. वाटण्यात चूक नाही." मग खिशातली पट्टी काढून उगाचच उलटसुलट करत राहिले. "एकच गोष्ट. पाणी आमच्या घरचं होतं. लोकांना ते गावाचं वाटलं असेल. तेवढी दुरुस्ती तुम्ही द्याल ना? सवडीनं द्या. घाई नाही."

मी मान हलवली.

त्याच आठवड्यात एका दुपारी टँकर आला. शाळेच्या खिडकीतून टँकरची जागा दिसायची. वहिनी हंडा घेऊन रांगेत होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा एक बाई मोठ्यानं म्हणाली, "हिला कशाला? हिचा नवरा खड्ड्यात वतायला निऊन टाकील!" बायका हसल्या. कुणीतरी हंडा हातानं मागं सारला. वहिनींनी डोक्यावरचं फडकं सारखं केलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर जोवर टँकर येत होता तोवर त्या शेवटीच उभ्या राहत. कधी हंडा भरे, कधी अर्धाच.

मी खिडकीपाशी होतो. मधे फक्त पटांगण होतं. चालत जाऊन एवढंच सांगायचं होतं, की बायांनो, ते पाणी हिच्याच घरचं होतं, मीच वाहून नेलं. मी खिडकी लावून घेतली, ऊन येतंय म्हणून. त्या दिवसापासून जेवायचीही मी दुसरीकडं सोय केली.

पुढचं थोडक्यात. तळं देवीसमोर झालं. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, तळं भरलं आणि खरंच फार सुंदर दिसलं. म्हातारीनं ते बघितलं. मी जलपूजनाचं भाषण केलं. होळीपर्यंत पाणी उन्हानं आटून तळाशी नुसता चिखल उरला, उन्हाळ्यात पोरं तिथं विटीदांडू खेळत होती. ओढ्याखालच्या विहिरी होत्या तशाच राहिल्या. वस्तीच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन लांबवर जात राहिल्या. तळ्याचा आणि विहिरींचा संबंध गावानं कधी जोडला नाही. देवीसमोर पाणी आलं होतं, गावाच्या मनासारखं झालं होतं.

सरांची बदली झाली. ती नेहमीची होती की कुणी करवली होती, मला माहीत नाही. माहीत नसलेलं लिहू नये. ते निघाले त्या दिवशी मी त्यांना निरोप द्यायला गेलो नाही, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गावर बदली तास घ्यायला गेलो, तर फळ्याच्या कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं. 'दुरुस्ती. देवीच्या तळ्यातून अजिबात पाणी मुरणार नाही, असं मी म्हणालो होतो. ते चूक. देवळामागच्या विहिरीत हातभर पाणी वाढलं आहे. मी उतरून मोजलं.' खाली सही.

जिथं त्यांचंच म्हणणं खरं ठरलं होतं तिथंही त्यांनी स्वतःची चूक शोधून काढली होती. पोरं माझ्याकडं बघत होती. मी फडकं उचललं आणि फळा पुसला. तो कोपराही.

बऱ्याच वर्षांनी, मी मुख्याध्यापक झाल्यानंतर, कळलं की सर निवृत्त होऊन नेवाशाला राहतात. गेलो. वाटेत एसटीत वाक्य पाठ केलं होतं. 'सर, मला फार वाईट वाटतं' असं ते सुरू होत होतं. वहिनींनी दार उघडलं, ओळखलं, आणि पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या पुढं केला. "घ्या, पोटभर प्या. इथं प्रवरा आहे, पाण्याला तोटा नाही." साध्या आनंदानं म्हणाल्या. तो तांब्या मला उचलवेना.

सर खूप वाळले होते. खिशात पट्टी होती. मी वाक्य जुळवत होतो, तोवर त्यांनीच विचारलं, "वस्तीच्या विहिरीला आता पाणी कुठवर असतं हो उन्हाळ्यात?"

"बरं असावं, असं वाटतं," मी म्हणालो.

"वाटतं?" आणि ते हसू लागले. मला खोकला येईपर्यंत मीही हसलो. मग ते म्हणाले, "एवढं एक काम करा. भर उन्हाळ्यात एकदा दोर सोडून बघा. सवडीनं. मग या, सावकाश बोलू."

माझं पाठ केलेलं वाक्य त्यांना चाललं नसतं, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. वाईट वाटतं, हे कसं तपासायचं?

मी परत आलो, आणि तेही काम दोन उन्हाळे ढकललं. तिसऱ्या वर्षी गेलो. किसन आता म्हातारा झाला होता. त्यानंच दोर धरला. दोराला बांधलेला दगड विहिरीच्या तळावर कोरडा आपटला. तो आवाज मी अजून ऐकतो. दोर वर घेताना किसन म्हणाला, "सरांना सांगा, मोजलं म्हनावं."

नेवाशाला पोचलो तेव्हा घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, सर गेल्या वर्षी पावसाळ्याआधीच वारले, वहिनी मुलीकडे राहायला गेल्या. कुठं, ते त्यांना माहीत नव्हतं. "तुम्ही ते गावाकडचे मास्तर का?" शेजारीण म्हणाली. "ते म्हणायचे, येतील, मोजायला वेळ लागतो."

आता मला फळा नाही. हा कागद आहे, त्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखून घेतली आहे.

दुरुस्ती. ग्रामसभेत मी असं बोललो, की सरांनी गावाचं पाणी खड्ड्यात ओतलं असं लोकांना वाटावं. ते चूक. पाणी सरांच्या आणि वहिनींच्या वाट्याचं होतं. रांजण भरताना मी बघितला. हंडे मी वाहून नेले. तळ्याची जागा चुकली. ती चुकणार हे सभेच्या आधी मला माहीत होतं. घड्याळ माझ्याच हातावर होतं.